जप्तीचा माल

शुक्रवार, १ सप्टेंबर २००६. रियाध

काल विमानतळावर त्या पोराने माझी लोणच्याची बरणी उघडून हुंगली, मेतकुटात बोट घातले आणि शिकेकाईच्या डब्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मुंबईच्या कस्टममध्ये छत्तीस वर्षे बायकांच्या बॅगा उघडल्या मी. हाताखालच्या मुलीने असे केले असते तर तिला सर्वांसमक्ष झापली असती. शिकेकाईतच तर बाहुली होती.

माझ्या मुलाने, यतीनने, नवी गाडी घेतली आहे, आणि नव्या गाडीला काळी बाहुली नको? पार्ल्याहून मुद्दाम आणली. काळ्या कापडाची, बोटभर, पोटात बिब्बा, वर सात गाठींचा दोरा. यतीनला सांगितले असते तर बँकेतल्या कॉम्प्युटरवाल्याचे ज्ञान ऐकावे लागले असते. आज सुट्टीचा तो जेवून आडवा झाला तेव्हा पार्किंगमध्ये जाऊन मागच्या बंपरच्या आत बांधून आले. नात अवंतीने बॅटरी धरली. पंधरा वर्षांची झाली तरी लहान मुलीसारखी उकिडवी बसून विचारत होती, गाठी सातच का, बिब्बाच का, बांधताना काय म्हणायचे. म्हटले, काही म्हणायचे नाही, बांधायची आणि बापाला सांगायचे नाही. पोरगी चौकस आहे. बरे वाटले.

खाली जायला काळा झगा घालावा लागतो. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना आयुष्यभर असाच झगा घालून फिरली, तेव्हा आम्ही तिला पवित्र समजत होतो.

मंगळवार, १२ सप्टेंबर

गेले चार दिवस सकाळी सहापर्यंत झोप लागते आहे. यांना जाऊन दीड वर्ष झाले, त्यात तीनच्या पुढे डोळा लागल्याचे आठवत नाही. इथल्या एसीचा गुण असणार.

खालचा रखवालदार इब्राहीम सुदानचा आहे. सगळ्यांच्या गाड्याही तोच धुतो. मला ‘हज्जा’ म्हणून हाक मारतो. मी हजला गेलेले नाही हे यतीनकरवी दोनदा सांगून झाले. तो मान डोलावतो आणि पुन्हा हज्जा म्हणतो.

मंगळवार, १९ सप्टेंबर

अवंती काहीतरी लपवते आहे.

पुरावे असे. खोलीचे दार लावून घेते. मी शिरले की वही उशीखाली जाते. सून आसावरी हॉस्पिटलमधून पाचला येते, त्याच्या आत खोलीतून मेणबत्तीचा वास येतो, आणि दिवे तर गेलेले नसतात. परवा स्वयंपाकघरातून खडेमिठाची वाटी नाहीशी झाली. सुनेला सांगितले तर म्हणाली, “आई, वयात आलेली मुलगी आहे, वही तर लपवणारच.” पॅथॉलॉजिस्ट बाई, जन्मभर दुसऱ्यांचे नमुने तपासते, घरातला नमुना दिसत नाही.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

सर्वपित्री. यांच्या नावाने खीर, वडे, भाजी केली. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवून तासभर उभी राहिले. या देशात कावळा नाही. शेवटी पारवे आले. यांना पारव्यांचा मनस्वी राग. पण खाल्ले एकदाचे.

शनिवार, २३ सप्टेंबर

काल रात्री चंद्र दिसला आणि आजपासून रमजान. आपली घटस्थापनाही आजच. परातीत माती घालून गहू पेरले, दिवा लावला.

यतीन आणि आसावरी कामावर, अवंती शाळेत. तिची खोली तपासली. चोरून नव्हे. तपासणी आणि चोरी यांतला फरक मला सरकारने शिकवला आहे. कायद्याप्रमाणे यादी केली:

१. मेणबत्त्या, चार. हिरवी, लाल, निळी, पिवळी.
२. खडेमीठ, एक बाटली. (आमचेच.)
३. अत्तारवाल्याकडची जांभळी सुकी फुले, एक पुडी.
४. वाटीभर गहू आणि एक डाळिंब, खिडकीत मांडलेले.
५. वही, एक, दोनशे पानी. पहिल्या पानावर वर्तुळात पाच टोकांचा तारा. खाली इंग्रजीत: सावल्यांची वही.

तारा मी लगेच ओळखला. सिस्टर फिलोमिनाने आम्हाला फळ्यावर काढून दाखवला होता, सैतानाची सही म्हणून. काढला आणि लगेच पुसून फळ्यावर पवित्र पाणी शिंपडले. आणि तो माझ्या नातीच्या वहीत, स्केचपेनने, चमकी लावून.

वही जागेवर ठेवली. आरोपीला समोर बसवून विचारायचे, हा नियम.

रविवार, २४ सप्टेंबर

चौकशी झाली. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत. जमेल तितके जसेच्या तसे लिहून ठेवते, उद्या उपयोगी पडेल.

या प्रकाराचे नाव विक्का. धर्म आहे म्हणते. तिची मैत्रीण क्षितिजा, तिच्या वडिलांची नोकरी सुटल्यामुळे एप्रिलमध्ये पुण्याला परत गेली, तिने ई-मेलवर लेख पाठवले. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. अवंतीने ते वहीत उतरून काढले.

सैतानाची पूजा करता का? नाही. सैतान चर्चवाल्यांचा आहे, विक्कावाल्यांकडे तो मुळातच नाही. एक देवी आणि एक देव.

मग तो तारा? चार टोके म्हणजे पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा. पाचवे टोक चैतन्य. म्हटले, मला पंचमहाभूते शिकवू नकोस, ती आपली आहेत.

करणी करता? नाही. एकच नियम: कुणाला इजा न करता हवे ते कर. जे पाठवशील ते तिप्पट होऊन परत येते.

झाडूवर बसता? यावर हसली. झाडूने पूजेची जागा झाडतात, आणि झाडूला मान देतात, एवढेच.

कपडे काढून नाचतात असे ऐकले आहे. तिकडे कोणी करत असतील, म्हणाली, पण सगळे नाही, आणि “आजी, इथे खिडकीचा पडदा उघडायची सोय नाही, तू कुठलं काय विचारतेस.”

वर्षात आठ सण. एक काल झाला, दिवस-रात्र समान होते तेव्हाचा, म्हणून गहू आणि डाळिंब. ऑक्टोबरच्या शेवटी मेलेल्यांना ताट वाढतात. ऐकून अंगावर काटा आला. भुताखेतांना जेवायला घालायचे. दोन वेळचे अन्न मिळणाऱ्या घरातली ही पोर.

किती हजार वर्षांचे आहे? यावर मात्र सापडली. जुने जुने म्हणतात, पण खरे तर पन्नास-साठ वर्षांपूर्वी एका निवृत्त इंग्रजाने मांडले. मलायात नोकरीला होता. कुठल्या खात्यात, तर कस्टम. मी म्हटले, अशक्य. तिने कागद दाखवला. आमच्या खात्यातला माणूस निवृत्त झाल्यावर पेन्शन खात गप्प बसू नये?

शेवटी माझा हुकमी प्रश्न टाकला. इतके चांगले आहे तर लपवतेस का?

ती म्हणाली, “कारण तू हेच विचारशील.”

यात मला उद्धटपणा दिसला. यतीनला अजून सांगितलेले नाही. तिच्या दप्तरावर लक्ष ठेवून आहे.

रविवार, १ ऑक्टोबर

माझ्या गादीखाली पुरचुंडी सापडली. चादर बदलताना. निळा दोरा बांधलेली. आत ती जांभळी फुले, मीठ, आणि एक पांढरा केस. इतका लांब पांढरा केस या घरात एकाच बाईचा आहे.

म्हणजे करणी माझ्यावर. कुणाला इजा न करता म्हणे. मी चौकशी केल्याचा राग. पण चौकशीनंतर ठेवली की आधी, हे कळत नाही. विचारणार नाही. जप्त करून बॅगेत तळाशी टाकली. अवंतीवरून मीठमोहऱ्या उतरवल्या, तिला अभ्यास करता करता कळलेही नाही.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

चार रात्री डोळ्याला डोळा नाही. एसी तोच आहे. दूध हळद घालून घेतले, उपयोग नाही.

पोरगी मला सकाळी विचारते, “आजी, झोपलीस का?” एखाद्या आरोपीने पोलिसाला विचारावे तसे. हो म्हटले.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

कोजागिरी. संध्याकाळची मगरीबची बांग झाली, लोक रोजा सोडायला घरी गेले, रस्ता ओस पडला. अवंती सांगून गेली की गच्चीवरून वाळत घातलेले कपडे आणते. दहा मिनिटे झाली तरी आली नाही. मागोमाग गेले. कपडे दोरीवरच, ही चंद्राकडे तोंड करून उभी, दोन्ही हात पसरून. घराच्या भिंतींबाहेर जाण्यासारखी तेवढी एकच जागा आहे तिला, हे खरे. पण म्हणून चंद्र?

माझी चाहूल लागली तशी म्हणाली, क्षितिजा पण आत्ता तिच्या गच्चीवर आहे. म्हटले, तिला सांग, आजीने मसाला दूध केलंय, चंद्राला दाखवून प्यायचंय, तोवर थांबू दे. कपडे मीच काढले.

मंगळवार, १० ऑक्टोबर

भयंकर दिवस.

आसावरी दुपारी आली ती पांढरीफटक. ईदच्या आधी इब्राहीम सगळ्या गाड्या खालूनही धुतो आहे. तिथे त्याला काहीतरी सापडले. ‘सिहर’ म्हणजे जादूटोण्याची वस्तू. त्याने ती बादलीत बुडवून ठेवली आणि बाजूला बसून कुराणातल्या आयता म्हणतो आहे. इमारतीच्या मालकाला फोन गेला आहे. या देशात सिहर म्हणजे तुरुंग, आणि तुरुंगावर भागले तर नशीब, असे आसावरी म्हणाली. तिच्या हॉस्पिटलमधल्या एका नर्सला ताइतावरून दोन दिवस बसवून ठेवले होते.

सून अंघोळीला गेली. मी वेळ घालवला नाही. अवंती शाळेतून यायची होती. वही काढली. दोनशे पानी, दीडशेच्या वर भरलेली, बारीक अक्षर, कडेला पाने-फुले काढलेली. न वाचता फाडली, बादलीत भिजवली, लगदा केला, थोडा थोडा संडासात सोडला. मेणबत्त्या फोडून कचऱ्यात. फुले आणि मीठ मोरीत. खात्यात माल नष्ट करताना दोन साक्षीदार लागतात. इथे एकही नव्हता.

घर वाचवले, असे वाटले. पाठ टेकून जरा बसले.

सहा वाजता यतीन आला. म्हणाला, आपल्याच गाडीखाली सापडली. काळी बाहुली. गाठी मारलेली.

इतका वेळ मला ती बाहुली आठवलीच नव्हती. माझी बाहुली सिहर कशी असेल? ती तर बाहुली आहे.

यतीनने अवंतीला समोर उभे केले. आसावरीने मेणबत्त्यांबद्दल सांगितले, मीच तिला सांगितलेले. यतीन म्हणाला, मालक शुक्रवारी नमाजानंतर येणार आहे. ज्याची वस्तू त्याने समोर यायचे, नाहीतर तो पोलिसांत कळवेल. “खरं सांग. तू बांधलीस?”

अवंतीने माझ्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ नाही. मग म्हणाली, “हो, बाबा.”

मी काही बोलले नाही.

बुधवार, ११ ऑक्टोबर

आजही बोलले नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

यतीनने तिकीट पाहिले. मुलीला शनिवारी भारतात पाठवायची, पाचगणीच्या होस्टेलमध्ये, वर्षाच्या मध्येच. आसावरी रडते आणि तिची बॅग भरते. मालकाला सांगायचे की अजाण मुलगी आहे, चूक झाली, देशाबाहेर घालवली.

मी स्वतःशी हिशेब मांडला तो असा. मी व्हिजिट व्हिसावर. बाई, विधवा, चौसष्ट वर्षांची. धरले तर सुटणे अवघड. मुलगी लहान आहे, तिला कोणी काही करणार नाही. हा विचार मी दोन दिवस केला आणि तो मला पटला, हे इथे लिहून ठेवते. बॅगा उघडताना अशा बायका मी पुष्कळ पाहिल्या, पोराच्या लंगोटात सोने बांधून आणणाऱ्या. त्यांच्याशी मी फार वाईट बोलायची.

दुपारी तिच्या खोलीत गेले. कप्पा उघडाच होता. वही गेल्याचे तिला पहिल्याच दिवशी कळले असणार, एक शब्द बोलली नाही. विचारले, खोटे का सांगितलेस? म्हणाली, “तुला इथलं काही माहीत नाही, आजी. तू त्यांच्याशी भांडशील.”

मग विचारले, माझ्या गादीखाली काय ठेवले होतेस?

“झोपेसाठी होतं. तू रात्री बाबांच्या सोफ्यावर बसून असायचीस. काम करत होतं, म्हणून मी सांगितलं नाही.” आणि मग, “तुझ्या बाहुलीसारखंच. ती पण कुठे काय करते? नजर लागू नये एवढंच ना?”

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

सिस्टर फिलोमिना तेरा तारखेच्या शुक्रवारी पेपर ठेवत नसे. काय काय शिकलो आम्ही त्या शाळेत.

मालक दीडला आला. बुरैदा गावचा म्हातारा, दरवर्षी रमजानात सगळ्या भाडेकरूंना खजुराचा खोका देणारा. यंदा हातात खोका नव्हता. तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात इब्राहीम बादली घेऊन उभा. यतीनने घसा खाकरला. मी झगा घातला, डोके झाकले आणि त्याच्या पुढे जाऊन बसले. म्हटले, ही माझी. मीच बांधली, मीच आणली. मुलीने फक्त बॅटरी धरली, तीही मी सांगितले म्हणून.

यतीन ‘आई’ म्हणाला. आसावरीला हॉस्पिटलमुळे अरबी येते. ती भाषांतर करायला लागली.

मालकाने विचारले, कोणाच्या वाईटासाठी? म्हटले, कोणाच्याच नाही.

कोणत्या सैतानाला बोलावलेस? सैतान आमच्याकडे मुळात नाही.

गाठींत कोणाचे नाव बांधले आहेस? कोणाचे नाही. मुलाच्या गाडीला नजर लागू नये, एवढेच.

उत्तर देताना मला शब्द शोधावे लागत नव्हते. सगळे तोंडात तयार होते. ते कोणाचे आहेत हे तिसऱ्या उत्तराला लक्षात आले आणि मी खाली बादलीकडे पाहिले.

म्हातारा म्हणाला, नजर खरी आहे, ते मीही मानतो. पण तिच्यावर उपाय म्हणून अल्लाला सोडून चिंधीकडे जायचे? आणि वस्तू निरुपद्रवी होती तर लपवलीस का?

मी म्हटले, “कारण तुम्ही हेच विचारणार होता.”

आसावरी थांबली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “आई, हे सांगू?” म्हटले, सांग. तिने सांगितले.

तो दाढीवरून हात फिरवायला लागला. इब्राहीमनेच मध्ये काहीतरी म्हटले. आसावरीने नंतर सांगितले, तो म्हणाला, ही हज्जा रोज पारव्यांना खायला घालते. रोज नाही, एकदाच. पण मी दुरुस्ती केली नाही.

मग निकाल. गाठी मी माझ्या हाताने सोडायच्या, एकेक, सगळ्यांसमोर. बाहुली जाळायची. आणि ईदच्या आत मी हा देश सोडायचा. मुलीबद्दल त्याला काही म्हणायचे नव्हते.

तीन दिवस पाण्यात भिजलेल्या गाठी. सात. इब्राहीम वरून पाण्याची धार धरून पुटपुटत होता, मी नखाने ओढत होते. बिब्बा फुटला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना त्याचा रस लागला. सोडवून झाल्यावर तो नुसता काळा दोरा उरला, हातभर.

रविवार, १५ ऑक्टोबर

बिब्बा उतला आहे, बोटांवर टरारून फोड आलेत. आसावरीने मलमपट्टी केली. तरीही कालपासून लिहिते आहे. या डायरीत नाही. दुकानातून अवंतीसाठी दोनशे पानी वही आणवली, तीत.

तिने दीडशे पाने भरायला पाच महिने घेतले होते. माझ्यापाशी होती फक्त चौकशीची नोंद, २४ सप्टेंबरची, आणि जप्तीची यादी. तेवढे उतरवले. तिची उत्तरे तिच्या शब्दांत, माझे प्रश्नही तसेच ठेवले, लाज वाटणारे सुद्धा. साडेसहा पाने झाली. बाकीची कोरी.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

उद्याचे विमान. यतीन माझ्याशी कमी बोलतो. अवंतीचे तिकीट मात्र रद्द केले त्याने, ते मी स्वतः पाहून घेतले. त्याच्या शब्दावर विसंबून राहिले नाही.

वही दिली. खात्याच्या रीतीने पोचही लिहून घेतली: जप्त माल परत मिळाला. तिने यादी एकेक करून तपासली. मेणबत्त्या नव्या, रंग तेच. मीठ. फुले. माझ्यासारखीच आहे, एक नग सोडत नाही. म्हणाली, “आजी, पुरचुंडी यादीतच नाही.”

म्हटले, ती नष्ट झाली.

तिने माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी बापासमोर पाहिले होते तितकाच वेळ. मग सही केली.

रविवार, २२ ऑक्टोबर. पार्ले

मुंबईच्या विमानतळावर आमच्याच खात्यातली एक कोवळी मुलगी उभी होती. काही घोषित करायचे आहे का म्हणाली. नाही म्हटले. तिने बॅग तळापर्यंत उघडायला हवी होती. इतका ढिसाळपणा.

काल लक्ष्मीपूजन. एकटीपुरते. नवी केरसुणी आणली, हळदकुंकू वाहिले, नमस्कार केला. उजव्या हाताची बोटे अजून नीट मिटत नाहीत.

आज सकाळी सहाला जाग आली.